टेस्ट बघायला गेलो होतो

७ जुलै २०२२, गुरुवार. कोलंबो

"दाजी, तिकिटं काढली ना? मग आता मागे फिरायचं नाही." मेव्हण्यानं मुंबई विमानतळावरच माझं तोंड बंद केलं होतं. ऑस्ट्रेलियाची दुसरी टेस्ट गॉलला ८ तारखेपासून. किल्ल्याच्या तटाखाली बसून टेस्ट बघायची, हे त्याचं कॉलेजपासूनचं वेड. मला क्रिकेटचं एवढं नाही. पण बँकेत परकीय चलनाच्या टेबलावर बरीच वर्षं काढली आहेत. त्यामुळे एखाद्या देशाकडचे डॉलर संपतात म्हणजे रस्त्यावर नेमकं काय होतं, ते बघायची खुमखुमी होती. १२ एप्रिलला श्रीलंकेनं परदेशी कर्जाचे हप्ते थांबवत असल्याचं जाहीर केलं. स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदाच असं झालं होतं.

कटुनायकेच्या विमानतळावर शंभर डॉलर मोडले तर छत्तीस हजारांच्या आसपास श्रीलंकन रुपये हातात पडले. मार्चच्या सुरुवातीला याच नोटेचे वीस हजार मिळायचे.

शहरात शिरताना पहिली रांग दिसली. पंप कुठे आहे ते दिसत नव्हतं, रांग मात्र संपत नव्हती. आधी मोटारी, मग तीनचाकी रिक्षा, मग मोटारसायकली, प्रत्येकाची वेगळी. रिक्षावाले मागच्या सीटवर पाय बाहेर काढून झोपलेले. एकानं दोरी बांधून शर्ट वाळत घातला होता, म्हणजे मुक्काम कालचा तरी असणार. २७ जूनला सरकारनं सांगून टाकलं होतं, की १० जुलैपर्यंत पेट्रोल-डिझेल फक्त अत्यावश्यक सेवांना. बाकीच्यांना सैनिक टोकन वाटत होते. टोकन म्हणजे पेट्रोल नव्हे, रांगेतल्या जागेची पावती.

हॉटेलानं पाठवलेल्या टॅक्सीच्या ड्रायव्हरला भाव विचारला. लिटरला ४७० रुपये. मी मनातल्या मनात हिशेब केला आणि चमकलो. आपल्या रुपयांत हे शंभर-सव्वाशेच्या मध्येच कुठेतरी बसतं. मुंबईत त्या आठवड्यात १११ चाललं होतं. म्हणजे आपल्याला तो भाव महाग वाटलाच नसता. पण ड्रायव्हरचा पगार जुन्याच रुपयांत होता, आणि ४७०चं पेट्रोल मिळायला दोन रात्री काढाव्या लागत होत्या. काळ्या बाजारात हेच दोन हजारांच्या पुढे. रांगेत उभी असतानाच माणसं दगावल्याच्या बातम्याही तेव्हा येत होत्या.

८ जुलै, शुक्रवार. गॉल

कोलंबो फोर्ट ते गॉल हा रेल्वेचा रस्ता समुद्राला इतका चिकटून जातो, की भरतीला तुषार डब्यात येतात. एरवी यावरच दोन पानं लिहिली असती. पण डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती. बसला डिझेल नाही, त्यामुळे सगळा भार रेल्वेवर. दारात लोंबकळणारी माणसं बघून मेव्हणा म्हणाला, "कल्याण लोकल." नंतर दोन तास काही बोलला नाही.

मैदानात पोचलो तेव्हा लाबुशेन आणि स्मिथ जमलेले. लाबुशेन १०४ वर गेला, स्मिथ दिवसअखेर नाबाद १०९. प्रभात जयसूर्या नावाचा डावखुरा स्पिनर पहिलीच टेस्ट खेळत होता, त्यानं दिवसभरात तीन बळी घेतले. मागे बसलेल्या गॉलच्या माणसानं सांगितलं, की जूनमध्ये कोलंबोच्या वन-डेला सगळ्या स्टेडियमनं पिवळे शर्ट घातले होते, ऑस्ट्रेलियाचे आभार मानायला. अशा हालातही तुम्ही आमच्याकडे खेळायला आलात, म्हणून. हे सांगताना त्याला थोडा अभिमान होता आणि थोडी लाजही.

किल्ल्याच्या आत डच काळातल्या घरात मुक्काम. मालकीण साठीच्या, सगळे त्यांना अक्का म्हणतात, आम्हीही म्हणू लागलो. स्वयंपाकघरात गॅसची शेगडी होती, तिच्यावर वर्तमानपत्र अंथरून नारळ रचून ठेवलेले. परसात तीन विटांची चूल. चुलीवर भात, परिप्पू म्हणजे मसुराचं वरण, आणि ओल्या नारळाचा लाल संबोल. झावळ्यांचा धूर घरभर. चहा बिनदुधाचा. दूध पावडर आयात होते, तिला डॉलर लागतात, म्हणून ती दुकानात नाही. "माझ्या आईनं चूल बंद केली तेव्हा केवढा आनंद झाला होता," अक्का म्हणाल्या, आणि फुंकणीनं जाळ केला.

रात्री नऊपासून कोलंबोसह पश्चिम प्रांतात कर्फ्यू लागला. हा पोलिसांचा कर्फ्यू बेकायदा आहे, असं वकिलांच्या संघटनेनं लगेच जाहीर केलं. उद्या ९ तारीख, राष्ट्राध्यक्षांनी पायउतार व्हावं म्हणून राजधानीत जमायची हाक आधीच गेलेली. अक्कांचा भाचा जाणार होता. अक्कांनी त्याला डबा बांधून दिला आणि वर दटावलं, "पुढे पुढे करू नकोस."

९ जुलै, शनिवार. गॉल

सकाळी कर्फ्यू उठला. भाच्याचा फोन स्टेशनवरून: गाडी सोडत नाहीत म्हणून लोक अडून बसलेत. थोड्या वेळानं दुसरा फोन, गाडी सोडायला लावली. गॉल, मातारा, कँडी, तिन्हीकडे हेच चाललं होतं. कुणी ट्रकमधून, कुणी सायकलवर, बरेचसे चालत, पण सगळ्यांचं तोंड कोलंबोकडे.

आम्ही मॅचला. ऑस्ट्रेलिया ३६४ सर्वबाद, जयसूर्यानं पहिल्याच डावात सहा घेतले. खरं सांगायचं तर ते सहा बळी किती जणांनी पाहिले, मला शंका आहे. बाहेर घोषणा सुरू झाल्या होत्या. किल्ल्याच्या तटावरही माणसं चढली, काळे झेंडे घेऊन. "गोता गो होम" पिचपर्यंत ऐकू येत असणार. गोता म्हणजे राष्ट्राध्यक्ष गोताबाया राजपक्षे. करुणारत्ने आणि कुसल मेंडिस खेळत होते आणि प्रेक्षकांच्या माना मोबाइलमध्ये. दुपारी आमच्या रांगेतला एक पोरगा उभा राहून ओरडला आणि मोबाइल सगळ्यांपुढे फिरवला. राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानाची फाटकं पडली होती. लोक गोताबाया राजपक्षेंच्या पोहण्याच्या तलावात उड्या मारत होते. गोताबाया आधीच निसटलेले. जुना क्रिकेटवीर सनथ जयसूर्याही कोलंबोत मोर्चात होता, त्याचा फोटो आला तेव्हा स्टँडमध्ये जी आरोळी उठली ती मेंडिसच्या चौकाराला उठली नव्हती.

संध्याकाळी गल्लीत फटाके. अक्कांनी नारळाच्या दुधातला किरीभात केला, चौकोनी वड्या पाडून शेजारीपाजारी वाटला. हा सणासुदीचा भात. गंमत अशी, की २०१९च्या नोव्हेंबरात गोताबाया निवडून आले तेव्हाही याच घरात किरीभात झाला होता. अक्का ते लपवत नाहीत. त्या एप्रिलमध्ये ईस्टरच्या दिवशी चर्च आणि हॉटेलांत बॉम्ब फुटले, अडीचशेहून जास्त माणसं गेली. लोकांना सुरक्षा हवी होती आणि २००९ मध्ये तमिळ टायगर्सविरुद्धचं युद्ध जिंकून देणारा माजी संरक्षण सचिव समोर होता. त्याला ६९ लाख मतं पडली. "त्या ६९ लाखांतली एक मी," अक्का म्हणाल्या. "माणूस मारायला येईल या भीतीनं मत दिलं. आता गॅस नाही, औषध नाही."

रात्री उशिरा सभापतींनी जाहीर केलं, की राष्ट्राध्यक्ष १३ तारखेला राजीनामा देतील. त्याआधी दुसरी बातमी आली होती. पंतप्रधान रनिल विक्रमसिंघेंचं खासगी घर पेटवलं, त्यांच्या ग्रंथसंग्रहासकट. भाच्याचा फोन आला, तो म्हणाला ते आमचं काम नव्हे. असेलही. पण पुस्तकं जळाली ती जळालीच, आणि रनिल त्यानंतर फिर्यादीच्या जागी जाऊन बसले.

१० जुलै, रविवार. गॉल ते कोलंबो

मी कोलंबोला जायचं ठरवलं. मेव्हणा टेस्ट सोडायला तयार होईना. "तुम्ही क्रांती बघा, मी चंडिमल बघतो." वाटणी झाली.

स्टेशनवरून चालत गॉल फेसला. समुद्राकाठचं लांबलचक मैदान, एका टोकाला जुन्या संसदेची खांबांची इमारत, तीच राष्ट्राध्यक्षांचं सचिवालय. तिच्यासमोर ९ एप्रिलपासून तंबू ठोकलेले, गावाचं नाव गोतागोगामा, गामा म्हणजे गाव. गाव म्हणजे खरंच गाव. वाचनालय, दवाखाना, सामुदायिक स्वयंपाकघर, सिनेमाचा तंबू, मूकबधिरांचा तंबू, वकिलांचा तंबू. ९ मेला सत्ताधाऱ्यांच्या समर्थकांनी काठ्यांनी हे सगळं मोडलं. त्याच दिवशी गोताबायांचे भाऊ महिंदा राजपक्षेंना पंतप्रधानपद सोडावं लागलं आणि रात्री देशभर सत्ताधारी नेत्यांची घरं जळाली. एक खासदारही मारला गेला. तंबू मात्र दुसऱ्याच दिवसापासून पुन्हा उभे राहिले.

वाचनालयाच्या तंबूत एक शाळामास्तरीण बसल्या होत्या. शाळा बंदच, कारण मुलांना आणायला पेट्रोल नाही. त्यांचा संताप मार्चमध्ये सुरू झाला. पश्चिम प्रांतातल्या सत्र परीक्षा पुढे ढकलल्या गेल्या, कारण प्रश्नपत्रिका छापायला कागद नव्हता. "मुलांनी अभ्यास केला नाही म्हणून परीक्षा रद्द झाल्याचं ऐकलंय तुम्ही? इथे सरकारनं केला नव्हता." त्याच महिन्याच्या शेवटी तेरा-तेरा तास वीज जायची.

त्यांनी मला कारणं सांगितली, ती माझ्या कागदावरच्या कारणांशी जुळत होती. निवडून येताच गोताबायांनी व्हॅट १५ टक्क्यांवरून ८वर आणला. तिजोरी रिकामी. मग कोविड, पर्यटक बंद, डॉलर बंद. २०२१ मध्ये एका फटक्यात रासायनिक खतांची आयात थांबवली, सगळी शेती सेंद्रिय करायची म्हणून. भात आणि चहा दोन्ही आपटले. नोव्हेंबरात बंदी उठवली तोवर हंगाम गेला होता. नाणेनिधीकडे जायचं तर उशीर केला, उरलेसुरले डॉलर जुनी कर्जं फेडण्यात घातले. जूनमध्ये महागाई ५४.६ टक्के, खाण्यापिण्याची ८०.१. आमच्याकडे अशा आकड्यांची आम्ही केस स्टडी करायचो. बाईंकडे वहीत डाळीचे आणि अंड्यांचे भाव होते, महिन्यागणिक.

आईचा फोन आला. आषाढी एकादशी, उपास धरलास का? केळी आणि शेंगदाणे मिळाले, तेवढ्यावर धरला. महाराष्ट्रात सरकार बदलून दहा दिवस झाले होते, आमचे आमदार गुवाहाटीहून परत आले होते. ते ऐकून वाचनालयातला एक विद्यार्थी म्हणाला, "तुमच्याकडे आमदार पळतात, आमच्याकडे राष्ट्राध्यक्ष."

११ जुलै, सोमवार. कोलंबो

राष्ट्राध्यक्षांचं निवासस्थान बघायला रांग. पंढरपूरच्या दर्शनबारीसारखीच: म्हाताऱ्या, कडेवरची पोरं, डबे, आणि पुढे घुसणाऱ्याला चारी बाजूंनी शिव्या. ज्यांनी महिनोन्‌महिने रांगेत काढले त्यांनी क्रांती करून पुन्हा रांगच लावली, आणि काय शिस्तीत! दारावर विद्यार्थी स्वयंसेवक, सामानाला हात लावू नका, चला पुढे, चला पुढे. शनिवारी आत सापडलेली १ कोटी ७८ लाख ५० हजारांची रोकड लोकांनी मोजून पोलिसांच्या हवाली केली होती. त्या नोटा मोजतानाचा व्हिडिओ सगळ्यांच्या फोनवर होता.

घरात पूर्वी ब्रिटिश गव्हर्नर राहायचे. उंच छत, लाकडी जिने, भिंतीवर कोण कोण होऊन गेलेले. तलावाचं पाणी एव्हाना हिरवट-मातकट झालेलं, तरी काठावर सेल्फी चालूच. झोपायच्या खोलीत मोठ्या पलंगावर एका आजीबाईंना नातवानं बसवलं आणि फोटो काढला. आजीबाईंनी गादी दाबून बघितली, चादरीचं कापड दोन बोटांत चोळलं आणि काहीतरी बोलल्या. भोवतालचे हसले. मी विचारलं, काय म्हणाल्या? नातू म्हणाला, "यापेक्षा आमच्या फॅक्टरीत बरं कापड बनतं." आजींची सून कपड्यांच्या कारखान्यात शिलाईवर होती, तिथला माल सगळा परदेशी जातो. या देशात डॉलर आणणारी माणसं हीच. पर्यटनवाले, शिवणवाल्या, चहाच्या मळ्यांतल्या बायका, आखातात घरकाम करणाऱ्या. आणि डॉलर संपल्यावर रांगेतही हीच.

दुपारी मेव्हण्याचा फोन, त्याला बोलताच येत नव्हतं. चंडिमलनं स्टार्कला लागोपाठ षटकार ठोकून द्विशतक पुरं केलं, एक चेंडू मैदानाबाहेर रस्त्यावर. नाबाद २०६. ऑस्ट्रेलियाविरुद्ध लंकेच्या फलंदाजाचं पहिलं द्विशतक. मग जयसूर्यानं पुन्हा सहा घेतले आणि मॅच चौथ्याच दिवशी डावानं खलास. "आणि तुम्ही पलंग बघत होतात!" हे वाक्य त्यानं त्यानंतर प्रत्येक लग्नकार्यात वापरलं आहे.

१२ जुलै, मंगळवार. कोलंबो

मेव्हणा आला. सकाळी शहरात एकच विषय. गोताबायांचे आणखी एक भाऊ, माजी अर्थमंत्री बासिल राजपक्षे रात्री देशाबाहेर निघाले होते, विमानतळावरच्या इमिग्रेशन कर्मचाऱ्यांनी त्यांचं काम करायलाच नकार दिला. आंदोलकांनी त्यांना कावळा म्हणून चिडवायचं ठरवलेलं, त्यामुळे दिवसभर कुणीही कुणालाही "काक काक" करत होतं.

जेवायला वेल्लवत्तेत, तमिळ वस्तीत. डोसा बरा, सांबार उत्तम. गल्ल्यावरचे काका जाफन्याचे. गॉल फेसवर गेलात का, विचारलं तर म्हणाले, एकदा गेलो, १८ मेला. त्या दिवशी तिथे मुळ्ळिवाइक्कालची आठवण म्हणून कांजी वाटली गेली. युद्धाच्या शेवटच्या दिवसांत त्या गावात वेढ्यात सापडलेल्या तमिळांना तेवढीच मिळायची. सिंहली पोरांनी हात जोडून ती प्यायली, हे त्यांना पटलं होतं. "पण हाच गोताबाया २००९ मध्ये संरक्षण सचिव होता. आमची मुलं कुठे गेली, असं विचारत आमच्या बायका २०१७ पासून रस्त्याकडेला बसल्या आहेत. तेव्हा कोलंबोहून गाडी भरून कुणी आलं नाही. पेट्रोल संपल्यावर आले."

मेव्हण्यानं माझ्याकडे पाहिलं. मला काही सुचलं नाही. गेले दोन दिवस ज्यांच्यात फिरत होतो ती मंडळी मला मनापासून आवडली होती, आणि काका म्हणत होते तेही खरं होतं.

१३ जुलै, बुधवार. कोलंबो

पौर्णिमा. आपल्याकडे गुरुपौर्णिमा, इथे एसाला पोया, पांढरे कपडे घालून विहारात जायचा दिवस. पहाटेच कळलं, की गोताबाया लष्करी विमानानं मालदीवला पळाले. राजीनामा नाहीच. उलट रनिल यांना हंगामी राष्ट्राध्यक्ष करून गेले. रनिल यांनी लगेच आणीबाणी लावली.

फ्लॉवर रोडवर पंतप्रधानांचं कार्यालय आहे. आम्ही लांबच उभे होतो, कोल्लुपिटियाच्या बाजूला, पण वारा आमच्याकडे होता. अश्रुधूर डोळ्यांच्या आधी घशाला लागतो. कोपऱ्यावरच्या दुकानदारानं न विचारता बादली बाहेर आणून ठेवली, येणारा-जाणारा रुमाल बुडवून तोंडाला लावत होता. पांढऱ्या साडीतल्या दोन बायका, बहुधा विहारातूनच आलेल्या, घोषणा देत पुढे गेल्या. दुपारी कार्यालय लोकांच्या ताब्यात गेलं. सरकारी टीव्हीचं प्रक्षेपणही काही वेळ बंद पडलं. श्वास कोंडून एक तरुण मात्र त्या दिवशी गेला.

शनिवारची मजा या गर्दीत नव्हती. चेहरे रागानं ताठ झालेले. ज्याला घालवायचं तो गेला, आणि जाताना ज्याला कुणी मागितलं नव्हतं त्याला बसवून गेला. संध्याकाळी संसदेकडच्या रस्त्यावर पुन्हा धुमश्चक्री, कर्फ्यू. हॉटेलात बिस्किटं खाल्ली.

१४ जुलै, गुरुवार. परत

दुपारी बारापासून पुन्हा कर्फ्यू. विमानाचं तिकीट हाच पास. टॅक्सीवाल्यानं डॉलर मागितले, दिले. विमानतळाच्या रस्त्याला पंपाची रांग पहिल्या दिवशी होती तेवढीच होती. देश चालवणारा माणूस बदलला तरी जहाज बंदरात लागल्याशिवाय पेट्रोल येत नाही, आणि जहाजवाल्याला आधी पैसे लागतात. भारतानं दिलेल्या कर्जावर काही जहाजं येऊन गेली होती. त्याबद्दल टॅक्सीवाल्यानं आमचे आभार मानले, आम्हीही उगाचच स्वीकारले.

मुंबईत उतरलो तेव्हा फोनवर बातम्या: गोताबाया मालेहून सिंगापूरला पोचले, राजीनामा ई-मेलनं पाठवला. भाच्याचा व्हिडिओही होता, कर्फ्यू मोडून गॉल फेसवर नाच चालला होता.

पुढचं थोडक्यात. २० जुलैला संसदेनं १३४ मतांनी रनिल यांनाच राष्ट्राध्यक्ष निवडलं. २२च्या पहाटे सैन्यानं सचिवालयासमोरचे तंबू उखडले. इंधनासाठी क्यूआर कोडचा पास निघाला, रिक्षाला आठवड्याला पाच लिटर, त्यानं रांगा खरोखर आटल्या. २ सप्टेंबरला गोताबाया परत आले, विमानतळावर मंत्र्यांनी फुलं देऊन स्वागत केलं, राहायला सरकारी बंगला, भोवती बंदोबस्त.

ही बातमी वाचून मेव्हण्यानं अक्कांना मेसेज केला, की आता तुम्हाला काय वाटतं? उत्तर दोन दिवसांनी आलं. गॅस मिळाला आहे, पुढची टेस्ट कधी ते बघून या, येताना दूध पावडर आणा, मोठं पाकीट.